मोडलेल्या बागेचा माळी

दिवाळी आठ दिवसांवर आली, की आमच्या घरी माळा उपसण्याचा सोहळा असतो. वर्षभर 'असू दे, लागेल कधी तरी' असे म्हणत वर टाकलेले सारे त्या दिवशी खाली येते. जुन्या लग्नपत्रिका, औषधांची रिकामी खोकी, एसटीची तिकिटे, तुटक्या छत्रीच्या काड्या, कुठल्याशा पाकिटावरची परदेशी तिकिटे! हिचे आणि माझे वर्षाकाठचे ठरलेले भांडण नेमके त्याच दिवशी होते. हिच्या मते त्यातले बारा आणे रद्दीवाल्याचे असते. माझ्या मते त्यातला एकही कपटा टाकण्याजोगा नसतो. शेवटी ही जिंकते, आणि ते योग्यच आहे. नाही तर लक्ष्मीने पाऊल ठेवावे कुठे?

परंतु गेली काही वर्षे त्या ढिगापुढे बसलो, की मला एका जर्मन चित्रकाराची आठवण होते. आणि त्याच्याबरोबर आणखी एकाची. तो दुसरा माझ्या वर्गात होता. सातवीतला, अबोल, शेवटच्या बाकावर बसणारा. गणिताच्या तासाला वहीत काही तरी चिकटवत बसलेला मला सापडला. वही ओढून पाहिली. गोळ्यांचे चांदीचे कागद, बसची तिकिटे, वर्तमानपत्राचे फाटके तुकडे, एक पिंपळपान, हे सारे त्याने पानापानांवर भाताच्या शितांनी चिकटवले होते. "हे काय आहे?" मी विचारले. तो म्हणाला, "काही नाही, सर." वर्ग हसला. मीही हसलो, आणि वही केराच्या टोपलीत टाकली. तास पुढे चालू झाला.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानात चित्रकलेचे एक जाडजूड पुस्तक चाळत असता एका पानावर मी थबकलो. ती वहीच माझ्यासमोर होती! तेच ट्रामबसचे तिकीट, तोच चकचकीत कागद, त्याच फाटक्या कडा. फरक एवढाच, की हे पान एका नामांकित संग्रहालयात काचेआड टांगलेले होते, आणि खाली नाव होते : कुर्ट श्विटर्स. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. कथा-कादंबऱ्या लिहितो, पोरांना शिकवतो. चित्रकलेचा मी जाणकार नव्हे. पण त्या दिवसापासून या माणसाच्या मागे लागलो, आणि जे हाती आले ते आज वाचकांपुढे मांडतो आहे.

श्विटर्सचा जन्म २० जून १८८७ रोजी जर्मनीतील हॅनोव्हर शहरी झाला. आईबापांचे बायकांच्या कपड्यांचे दुकान होते. पुढे ते विकून त्यांनी घरे घेतली आणि भाड्याच्या उत्पन्नावर कुटुंब सुखाने राहू लागले. हॅनोव्हरजवळच्या इझर्नहागेन या खेड्यात मुलाला एक छोटीशी बाग करून दिलेली होती. त्यात गुलाब होते, स्ट्रॉबेरीची रोपे होती, हाताने रचलेली टेकडी होती, खणलेले तळे होते. एके दिवशी गावातल्या टारगट पोरांनी त्याच्या डोळ्यांदेखत ती बाग तुडवून टाकली. त्या धक्क्याने मुलगा आजारी पडला आणि त्याला झटके येऊ लागले. ते दुखणे दोन वर्षे रेंगाळले, आणि त्याच आजारात आपले मन कलेकडे वळले, असे त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. अपस्माराच्या या विकाराने त्याची पाठ आयुष्यभर सोडली नाही.

वाचकहो, ही बाग ध्यानात असू द्या. ती पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

तरुणपणी त्याने ड्रेस्डेनच्या कला अकादमीत रीतसर शिक्षण घेतले. माणसाची हुबेहूब तसबीर, फळांची टोपली, संध्याकाळचे शेत, असे सारे तो शिकला आणि उत्तम करू लागला. १९१५ साली हेल्मा नावाच्या मुलीशी त्याचा विवाह झाला. पहिले मूल जन्मल्यानंतर लवकरच गेले. युद्ध चालू होते. १९१७ साली त्याला लष्करात बोलावले. पण प्रकृतीमुळे काही महिन्यांतच तेथून सुटका झाली, आणि हॅनोव्हरजवळच्या एका लोखंडी कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढण्याचे काम त्याच्याकडे आले. तिथे त्याला चाकांचे वेड लागले. यंत्राचे चाक कशाचीही नक्कल करीत नाही, तरी ते सुंदर असते. मग चित्राने तरी नक्कल का करावी, हा विचार त्याच्या मनात तेथे रुजला. त्याच्या पुढच्या चित्रांतून जागोजाग चाके फिरताना दिसतात, ती याच कारखान्यातली.

११ नोव्हेंबर १९१८ रोजी युद्ध थांबले. बादशहा पदच्युत होऊन पळाला होता. जर्मनी हरली होती, उपाशी होती, रस्त्यावर दंगे होते. त्यानंतर पाचच दिवसांनी श्विटर्सला मुलगा झाला. त्याचे नाव एर्न्स्ट. एकीकडे जुने जग मोडून पडलेले आणि दुसरीकडे घरात पाळणा हललेला! त्याच हिवाळ्यात या माणसाने एक विलक्षण गोष्ट आरंभिली. सारेच मोडले आहे, तर मोडक्या तुकड्यांतूनच नवे उभारले पाहिजे, असे त्याच्या मनाने घेतले. रस्त्यावरून चालताना तो वाकून वाकून वस्तू उचलू लागला. ट्रामची तिकिटे, रेशनची कुपने, चॉकलेटची वेष्टने, तारेचे तुकडे, खिळे, बाहुलीगाडीची चाके, जाळी, चिंध्या. खिसे फुगवून घरी यायचे आणि फळीवर रचायला बसायचे. तुकडे खिळ्यांनी ठोकायचे, खळीने चिकटवायचे, वरून तैलरंगाचे हात द्यायचे.

अशाच एका चित्रात बँकेच्या जाहिरातीचा एक कपटा लावलेला होता. 'कोमेर्त्स उंड प्रिव्हाटबँक' हे त्या बँकेचे नाव. कात्रीने कापता कापता त्यातल्या 'कोमेर्त्स'चा शेवटचा तुकडा 'मेर्त्स' एवढाच चित्रात उरला. कोमेर्त्स म्हणजे व्यापार. व्यापाराचे डोके उडाले आणि एक निरर्थक शब्द जन्माला आला! त्याने आपल्या साऱ्या कलेला हेच नाव देऊन टाकले. १९१९च्या जुलैत बर्लिनमधील 'डेर श्टुर्म' या चित्रदालनात 'मेर्त्स' चित्रे प्रथम लोकांपुढे आली, आणि टीकाकारांनी एकच गिल्ला केला.

तो ही छोटी कागदी चित्रे कशी करी, याचे वर्णन प्रत्यक्ष पाहणाऱ्या एका बाईंनी करून ठेवले आहे. आपल्याकडे दिवाळीचा आकाशकंदील चिकटवायला करतात तशीच ती कणकेची खळ! आधी कागदावर खळ पसरायची. मग ओल्या खळीत कपटे ठेवून बोटांनी इकडून तिकडे सरकवीत राहायचे. हा इथे बसतो का? नाही, जरा खाली. चुरगळलेल्या कागदाचे बारीक तुकडे बोटाच्या टोकाने ओल्यात रेटून बसवायचे. अशा रीतीने खळ हाच गोंद आणि खळ हाच रंग. सारे मनासारखे जमले, की ओल्या फडक्याने जास्तीची खळ टिपून घ्यायची. कुठे टिपायची आणि कुठे पापुद्रा ठेवायचा, यातही त्याची कुसर. ही रीत ऐकल्यावर मला जाणवले, की यात घाईला वाव नाही. एका तिकिटाची जागा ठरविण्यात हा माणूस तितकाच रमत असे, जितका एखादा कवी एका शब्दात रमतो.

आता वाचक विचारतील, हे सारे खरे, पण ते चित्र आहे कशाचे? मीही हेच विचारले होते. त्याचे उत्तर मला आमच्या दारातच सापडले. ठिपक्यांची रांगोळी पाहून 'ही कशाची?' असे आपण विचारतो का? रेषा कशी वळली, रंग रंगाशेजारी कसा बसला, तोल साधला की नाही, एवढेच पाहतो. आजीच्या गोधडीत जुने लुगडे असते, फाटका सदरा असतो; पण गोधडी झाल्यावर ते लुगडे राहत नाही आणि सदराही राहत नाही. तो निळा चौकोन आणि तो तांबडा पट्टा होतो. श्विटर्सचे म्हणणे नेमके हेच होते : वस्तू चित्रात शिरली, की तिने आपला पूर्वीचा धंदा सोडावा. तिकिटाने तिकीटपण सोडावे, आणि शेजारच्या तुकड्याशी नवे नाते जोडावे. म्हणून त्याला तैलरंग आणि चिंधी यांत उच्चनीच वाटत नसे.

तरी गंमत अशी, की वस्तू आपले पूर्वायुष्य पुरते विसरत नाहीत. त्याचे १९२१ सालचे 'चेरीचे चित्र' न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. कापड, लाकूड, धातू आणि कागद यांच्या त्या गर्दीत मधोमध एक छापील चित्रपट्टी आहे : लालबुंद चेरी, खाली जर्मन आणि फ्रेंच भाषांत तिचे नाव. एखाद्या पोराच्या धड्यातून फाडलेली असावी तशी! दुसऱ्या एका चित्रात 'उंड', म्हणजे 'आणि', एवढाच छापील शब्द चिकटवलेला आहे, आणि चित्राचे नावच 'आणि-चित्र' पडले. काय आणि काय, हे सांगितलेलेच नाही. मला वाटते, त्याच्या साऱ्या कलेचे मर्म त्या एका उभयान्वयी अव्ययात आहे.

त्याने हे आकाशातून आणले असे मात्र नव्हे. चित्रावर कागद चिकटविण्याची वाट पिकासो आणि ब्राक यांनी १९१२ साली पाडली होती. रंगाला विषयाची गरज नाही, ही दृष्टी कांडिन्स्कीकडून आली. हान्स आर्प हा चित्रकार-कवी जन्माचा मित्र झाला. बर्लिनच्या 'दादा' पंथीयांनी मात्र या पापभीरू, घरकोंबड्या गृहस्थाला आपल्यात घेतले नाही. त्यांना क्रांती हवी होती, याला चित्र हवे होते. पुढे हॉलंडचा थिओ फान डूसबुर्ख आणि रशियाचा एल लिसित्स्की यांच्या सहवासात त्याच्या चित्रांतली गर्दी ओसरली. कडा सरळ झाल्या, रंग मोजके झाले, घर झाडून काढल्यासारखी मोकळी जागा दिसू लागली. १९२३ साली डूसबुर्खबरोबर त्याने हॉलंडचा दौरा केला, तेव्हा व्याख्याता मध्येच थांबताच श्रोत्यांत बसलेला श्विटर्स उठून कुत्र्यासारखा भुंकला! पोटापाण्यासाठी हाच माणूस जाहिरातींची कचेरी चालवी आणि हॅनोव्हर नगरपालिकेच्या छापील कागदांची सुबक मांडणी करून देई.

त्याच सुमारास आपल्या राहत्या घरी त्याने आयुष्यातले सर्वांत मोठे काम मांडले. खोलीत एक खांब उभा राहिला. त्याला वस्तू चिकटत गेल्या, फांद्या फुटल्या, कोनाडे झाले, गुहा झाल्या. एकेक कोनाडा एकेका मित्राचा. त्यात त्या मित्राच्या केसांची बट, अर्धवट ओढलेली सिगारेट, तुटके पेन, बुटाची नाडी असे काही ठेवलेले. मित्र घरी आला, की जाताना त्याची एखादी वस्तू गायब झालेली असे, असे त्याचे स्नेही गमतीने सांगत. हळूहळू सारे लाकूड आणि प्लास्टर यांनी झाकले गेले, पांढरे शुभ्र कोन आणि कंगोरे भिंतींवरून छताकडे चढले, आणि ते काम एका खोलीतून दुसरीत शिरले. त्याचे नाव 'मेर्त्सबाऊ', म्हणजे मेर्त्सची वास्तू. मला विचाराल तर ती इझर्नहागेनची बाग होती. पुन्हा लावलेली, आणि आता घराच्या आत, जिथे टारगट पोरे येऊ शकणार नाहीत अशी.

पण पोरे आली. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला. श्विटर्सचे नगरपालिकेचे काम गेले, चित्रे संग्रहालयांतून काढली गेली, आणि १९३७ साली म्युनिकमध्ये 'भ्रष्ट कला' म्हणून भरविलेल्या कुप्रसिद्ध प्रदर्शनात ती लोकांच्या टवाळीसाठी टांगली गेली. त्या आधीच, १९३७च्या जानेवारीच्या आरंभी, गेस्टापोचा ससेमिरा चुकवून तो मुलापाठोपाठ नॉर्वेत निसटला होता. हेल्मा मात्र वडीलधारी माणसे आणि घरेदारे सांभाळायला मागे राहिली. उन्हाळ्यात ती भेटीला येई. २ जून १९३९ रोजी ऑस्लो येथे त्याच्या आईचा ऐंशीवा वाढदिवस आणि मुलाचा साखरपुडा एकत्र साजरा झाला. नवराबायकोची ती शेवटची भेट ठरली.

ऑस्लोजवळ लिसाकर येथे त्याने दुसरी मेर्त्सबाऊ सुरू केली. १९४०च्या एप्रिलात जर्मन फौजा नॉर्वेत घुसल्या. बापलेक उत्तरेकडे पळत सुटले, आणि जूनमध्ये बर्फ फोडणाऱ्या एका जहाजातून स्कॉटलंडच्या किनाऱ्याला लागले. तेथे इंग्रजांनी त्यांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून स्थानबद्ध केले! हिटलरने जर्मन नव्हे म्हणून हाकलले आणि इंग्रजांनी जर्मन म्हणून पकडले. निर्वासिताच्या कपाळी दुसरे काय असते?

आयल ऑफ मॅन बेटावरच्या त्या छावणीत तो सुमारे सोळा महिने होता. तेथे रंग नाहीत, कॅनव्हास नाही. मग जमिनीवरचे लिनोलियम उपटून त्यावर त्याने चित्रे काढली, सिगारेटची पाकिटे चिकटवली. सकाळच्या न्याहारीतली उरलेली लापशी गोळा करून त्याने पुतळे घडविले. त्यांवर हिरवीनिळी बुरशी चढली आणि माळ्यावरच्या त्या खोलीत नाक धरावे लागे, अशी आठवण सोबतच्या कैद्याने लिहिली आहे. सोबत्यांच्या हुबेहूब तसबिरी काढून तो चार पैसेही मिळवी. ड्रेस्डेनचे शिक्षण असे उपयोगी पडले.

१९४१च्या नोव्हेंबरात सुटका होऊन तो लंडनला आला. आता चित्रांत बसची इंग्रजी तिकिटे आणि इंग्रजी मिठायांची वेष्टने आली. माणूस देशोधडीला लागला, तरी त्याच्या चित्रांना प्रत्येक देशाची रद्दी आपलीच वाटली. शेजारी राहणाऱ्या एडिथ थॉमस या तरुणीने त्याला आधार दिला. ती घडोघडी चहा हवा का म्हणून विचारी, म्हणून त्याने तिचे नावच 'वाँटी' ठेवले. पण १९४३च्या ऑक्टोबरात बॉम्बहल्ल्यात हॅनोव्हरचे घर आणि त्यातली ती वास्तू जमीनदोस्त झाली. वर्षभराने, १९४४च्या ऑक्टोबरात, हेल्मा कर्करोगाने गेली; ती बातमी त्याला कळायला डिसेंबर उजाडला. त्याला स्वतःला अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. ऐन त्या डिसेंबरात त्याचे लंडनमध्ये प्रदर्शन भरले, तर पदरात काय पडले? एका चित्राची विक्री.

१९४५ साली तो इंग्लंडच्या उत्तरेला डोंगर-तळ्यांच्या मुलखात, अँबलसाइड गावी, वाँटीसह राहायला गेला. फुले, डोंगर, डॉक्टरांची तसबीर असे काही काढून विकावे आणि दिवस ढकलावे. १९४७ साली न्यूयॉर्कच्या संग्रहालयाने त्याला एक हजार डॉलर मंजूर केले, जुनी वास्तू पुन्हा उभारावी म्हणून. पण हॅनोव्हरला उभारण्याजोगे काही उरले नव्हते, आणि नॉर्वेला जाण्याजोगी प्रकृती नव्हती. तेव्हा जवळच्याच एल्टरवॉटर गावातील दगडी कोठार त्याला मिळाले. त्या जागेचा मालक हॅरी पिअर्स. व्यवसाय? बागा लावणे!

साठीच्या उंबरठ्यावरचा, आजाराने पोखरलेला तो माणूस रोज बसने त्या कोठारात जाई. गळके छप्पर, कडाक्याची थंडी, मेणबत्तीचा उजेड. एका भिंतीवर त्याने प्लास्टर चढविले, आणि त्यात आसपासच्या वस्तू बसविल्या : काटक्या, दगड, गाडीच्या चाकाचा तुकडा, रबरी चेंडू, आणि लहान मुलाच्या झारीचे भोकाभोकांचे तोंड. एक भिंत कशीबशी आकाराला आली. ७ जानेवारी १९४८ रोजी ब्रिटिश नागरिकत्व मिळाल्याचे पत्र आले. ८ जानेवारीला केंडल येथील इस्पितळात त्याने देह ठेवला. नॉर्वेतील वास्तू पुढे १९५१ साली आगीत गेली. एल्टरवॉटरची भिंत तेवढी वाचली. १९६५ साली ती अख्खी उचलून न्यूकॅसलच्या हॅटन चित्रदालनात नेऊन उभी केली. तेथे ती आहे. हॅनोव्हरच्या जुन्या वास्तूतील एक दालनही छायाचित्रांवरून तिथल्या श्प्रेंगेल संग्रहालयात पुन्हा उभारले गेले आहे.

त्या भिंतीचे छायाचित्र मी पुष्कळदा पाहतो. माझी नजर दर वेळी त्या झारीच्या तोंडावर अडकते. हा धागा माझा, त्याचा नव्हे. कादंबऱ्या लिहिणाऱ्याला अशी खोड असतेच. पण मला ते पोर दिसते, तुडवलेल्या स्ट्रॉबेरीपाशी उभे असलेले. त्या पोराने नंतर तीनदा बाग लावली. प्रत्येक वेळी ती मोडली गेली किंवा सोडावी लागली, आणि प्रत्येक वेळी जे पायाशी पडले होते, त्यातूनच त्याने पुढची उभी केली. शेवटची तर दुसऱ्याच्या बागेत.

आणि बाग तुडवणाऱ्यांत मीही आहे, हे मला विसरता येत नाही. इझर्नहागेनची पोरे निदान अजाण होती. मी मास्तर होतो. 'काही नाही, सर' याचा अर्थ 'विचारू नका' असा नव्हता. 'तुम्हीच सांगा' असा होता. मला तेव्हा सांगता आले नाही. तो मुलगा दहावीनंतर कोठे गेला, याचा मी बराच शोध घेतला. एका गॅरेजात लागला होता, मग ते गावही सोडले, एवढेच समजले. त्याची वही कोणत्या ढिगात गेली, हे तर कोणालाच विचारता येणार नाही.

यंदाही माळा उपसला. ढिगातून मी एक चांदीचा कागद, एक तिकीट आणि एक फाटकी लग्नपत्रिका काढून घेतली. ही म्हणाली, "हे आणि कशाला?"

मी म्हटले, "वर्गात एक खोके ठेवले आहे, त्यात टाकायला."

ती हसली, आणि बाकीचे बोचके रद्दीवाल्याला देऊन टाकले.